दंडाला पट्टा बांधणारा योगी

पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. नोव्हेंबर महिना, म्हणजे आम्हा पेन्शनरांनी बँकेत जाऊन आपण अजून जिवंत असल्याचे लिहून द्यायचा महिना. छत्तीस वर्षे मी काउंटरच्या आतल्या बाजूला बसून लोकांचे हयातीचे दाखले घेतले. आता बाहेरच्या बाजूला रांगेत उभा होतो. नंबर आला, फॉर्मवर सही केली. समोर माझ्या मुलीच्या वयाची अधिकारी होती. तिने माझी सही पाहिली, पडद्यावरची नमुना सही पाहिली आणि अदबीने म्हणाली की काका, सही जुळत नाही, पुन्हा एकदा करता का. मी पुन्हा केली. ती पहिलीपेक्षा वेडीवाकडी. पेन बोटांत होते, पण बोटांना त्याची खबर नव्हती. ज्या सहीवर मी लोकांची घरे, दुकाने, रिक्षा उभ्या केल्या, ती सही मुंगी शाईत पडून कागदावरून चालत जावी तशी दिसत होती.

त्या मुलीचे मला आजही कौतुक वाटते. तिने तिसरी सही मागितली नाही. माझ्या तोंडाकडे पाहिले, शिपायाला हाक मारली आणि रिक्षा बोलावली.

दवाखान्यात पोहोचेपर्यंत हात पूर्ववत झाला होता. रक्तदाब मात्र १९२/१०८. डॉक्टरांनी समजावून सांगितले की मेंदूच्या एका भागाचा रक्तपुरवठा काही मिनिटे अडला आणि पुन्हा सुरू झाला. आमच्या भाषेत सांगायचे तर ही आगाऊ नोटीस होती. पुढच्या वेळी थेट जप्ती. मग त्यांनी साधा प्रश्न विचारला, गोळ्या नियमित चालू आहेत ना? मी मान खाली घातली. पत्नी शेजारीच होती. ती चालू आहेत म्हणून सांगत होती, आणि तिच्या माहितीप्रमाणे ते खरेच होते.

त्याचे असे झाले. चोपन्नाव्या वर्षी मी अंधेरीच्या एका शाखेत मॅनेजर होतो. राहायला मुलुंडला. तेव्हा मेट्रो यायची होती. घाटकोपरला उतरून बसने धक्के खात अंधेरी गाठायची, संध्याकाळी तेच उलट. मार्चअखेरीच्या धामधुमीत डोके सारखे जड राहू लागले म्हणून तपासून घेतले, तर दाब १७०/१०४. गोळी सुरू झाली. मीठ कमी करा, रोज चाला, असेही सांगण्यात आले. गोळी घेणे जमले, चालणे राहून गेले. ते सुरू झाले निवृत्तीनंतर, मुलुंड पूर्वेच्या चिंतामणराव देशमुख उद्यानात. रिझर्व्ह बँकेच्या पहिल्या भारतीय गव्हर्नरच्या नावाच्या बागेत एका सामान्य बँकवाल्याने फेऱ्या मारायच्या, यातही एक मौज होती. रोज पाऊण तास. सोबत थोडी आसने. आठ महिन्यांत वजन सहा किलोंनी उतरले आणि दाब आला १३२/८२ वर.

इथे माणूस बिघडतो. बागेतल्या आमच्या कट्ट्यावर बहुमत असे होते की गोळी म्हणजे गुलामी. योग आणि व्यायाम रोगाला मुळातून उपटतात. मला ते पटले, कारण मला ते पटवून घ्यायचेच होते. ऑगस्टमध्ये मी गोळी बंद केली. पत्नीला कळू नये म्हणून रोज पाकिटातून एक गोळी काढायची आणि बेसिनमध्ये सोडायची. स्टॉक जुळला पाहिजे ना! नोकरीत एका पैशाचा अपहार केला नाही. हा पहिला, आणि तोही स्वतःच्याच खात्यात. मधल्या तीन महिन्यांत दाब एकदाही मोजला नाही. मोजला असता तर कळले असते, आणि कळून घ्यायचे नव्हते.

या घटनेनंतर दोन-तीन महिन्यांनी माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर जुनी पुस्तके चाळताना ‘योगमीमांसा’चा एक जुना बांधीव खंड हाती लागला. संपादक स्वामी कुवलयानंद. नाव ओळखीचे होते. लोणावळ्याचे कैवल्यधाम, आसनांची पुस्तके, भरदार देहाचा एक ब्रह्मचारी, एवढे चित्र मनात होते. कट्ट्यावरही त्यांचे नाव निघायचे, बहुधा गोळी विरुद्ध योग या खटल्यातला योगाचा साक्षीदार म्हणून. मी खंड उघडला. वाटले होते, श्लोक असतील, महती असेल. तीही होती, पण तिच्या आधी होते आकडे. पानेच्या पाने तक्ते, क्ष-किरणांची छायाचित्रे. एखाद्या शाखेचे लेजर उघडावे तसे. मी तो खंड विकत घेतला आणि मग त्या माणसाचाच पिच्छा पुरवला.

जगन्नाथ गणेश गुणे हे त्यांचे मूळ नाव. जन्म ३० ऑगस्ट १८८३, बडोदे संस्थानातल्या डभईचा. घरची गरिबी, शिक्षण झाले ते बुद्धीच्या बळावर. १९०३ साली मॅट्रिकला त्यांना संस्कृतची मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळाली आणि बडोदे कॉलेजची वाट मोकळी झाली. ते बडोदे सयाजीरावांचे होते. अरविंद घोष तिथे शिकवत होते, टिळकांचे शब्द तिथवर पोहोचत होते. एका तरुणाला पेटवायला एवढे पुरे. गुण्यांनी आयुष्यभर अविवाहित राहून देशकार्य करायचे ठरवले, आणि त्या काळच्या रीतीप्रमाणे देशकार्याची सुरुवात आखाड्यापासून केली.

बडोद्याची जुम्मादादा व्यायामशाळा आणि तिचे राजरत्न माणिकराव ही दोन नावे आमच्या आधीच्या पिढीला पाठ होती. कुस्ती, मल्लखांब, लाठी, शिवाय निखळलेली हाडे बसवण्याची विद्या. १९०७ ते १९१० ही तीन वर्षे गुणे माणिकरावांच्या हाताखाली होते. शरीर कमावणे हे त्या दिवसांत निव्वळ आरोग्याचे काम नव्हते, ते राजकारणही होते. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा ध्यास घेतला आणि तो आपल्या संस्थानातल्या शाळांपर्यंत नेला. अमरावतीला १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ निघाले. गावोगाव तालमी होत्या. परवशतेचे ओझे जणू दंड-बैठकांनी उतरणार होते. आज हसू येईल, पण आपल्या आजोबांच्या पिढीची छाती त्या श्रद्धेने रुंद झाली, हे खोटे नाही.

गुण्यांचे वेगळेपण सुरू होते ते १९१९ पासून. नर्मदेच्या काठी मालसर येथे परमहंस माधवदास नावाचे वृद्ध बंगाली योगी राहत. गुणे त्यांचे शिष्य झाले. उड्डियान, नौली, बंध, प्राणायाम या गोष्टी त्यांनी तिथे शिकल्या. पोटाचे स्नायू वळवून घुसळावेत तशी ती नौली करताना शरीराच्या आत काहीतरी घडते, हे करणाऱ्याला जाणवतेच. परंपरेने त्याचे वर्णनही करून ठेवले आहे. दुसऱ्या कोणा शिष्याला तेवढे पुरले असते. गुण्यांना ते पुरले नाही. आत नेमके काय घडते, किती घडते, हे त्यांना पाहायचे होते.

म्हणून १९२०-२१ च्या सुमारास ते बडोद्याच्या दवाखान्यात गेले आणि क्ष-किरण यंत्रासमोर उड्डियान आणि नौली करवून त्यांनी तपासण्या केल्या. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यात दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली उतरतो, निर्वात ओढ तयार होते, हे त्यांनी मोजून दाखवले. बस्तीमध्ये पाणी वर कसे चढते, या जुन्या कोड्याचे ते उत्तर होते. या निर्वाताला त्यांनी नाव दिले ते आपल्या गुरूंचे: माधवदास व्हॅक्यूम. गुरूला शिष्याने वाहिलेल्या अनेक दक्षिणा मी वाचल्या आहेत. पाऱ्याच्या नळीतला आकडा वाहिल्याचे हे एकच उदाहरण.

त्याच काळात खानदेशात अमळनेरला ते शिक्षणाच्या कामात होते, तिथल्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. राष्ट्रीय शिक्षण हा शब्दच तेव्हा सरकारला टोचत असे. १९२३ साली ते महाविद्यालय बंद पडले. वयाच्या चाळिशीत माणसाची संस्था हातातून जाते तेव्हा तो एक तर खचतो किंवा राहिलेले खरे काम उचलतो. गुण्यांनी ऑक्टोबर १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढले. त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे इंग्रजी त्रैमासिक सुरू केले. जगन्नाथ गुण्यांचे आता कुवलयानंद झाले होते. कुवलय म्हणजे निळे कमळ. नाव कवितेतले, काम प्रयोगशाळेतले.

आता आपल्या विषयाकडे येतो. १९२६ सालच्या ‘योगमीमांसे’त सर्वांगासन आणि मत्स्यासन यांचा रक्तदाबावर काय परिणाम होतो, याचे प्रयोग छापले आहेत. आज हे वाचताना काही विशेष वाटत नाही, कारण रक्तदाबाचे यंत्र आता मिक्सरसारखे घरोघरी असते. पण त्या सालाकडे पाहा. दंडाला पट्टा गुंडाळून दाब मोजायची युक्ती इटलीच्या रिव्हा-रोची यांनी १८९६ साली काढली. पट्टा सैल होताना स्टेथोस्कोपमधून धमनीचे ठोके ऐकून वरचा आणि खालचा आकडा वेगळा सांगायची रीत रशियाच्या कोरोटकॉफ यांनी सांगितली ती १९०५ साली. म्हणजे जगात जेमतेम वीस-एकवीस वर्षे वयाची ही विद्या, आणि लोणावळ्याच्या डोंगरात एक ब्रह्मचारी आसनात असलेल्या माणसाच्या दंडाला तो पट्टा बांधून बसला आहे! पाय वर, डोके खाली असताना माणसाचा दाब कुठे जातो, मत्स्यासनात काय होतो, याची नोंद घेतो आहे.

हा प्रश्न चांगलाच अवघड होता, हे ध्यानात घ्यायला हवे. उपनगरात राहणाऱ्याला रक्तदाब समजावून सांगणे सोपे आहे. पहाटे पाणी येते तेव्हा तळमजल्याचा नळ फुसांडतो आणि चौथ्या मजल्यावर करंगळीएवढी धार लागते. पंप लावला की चौथ्या मजल्याचे भागते, पण जुन्या पाइपांचे सांधे रडू लागतात. हृदय हा पंप, धमन्या हे पाइप. सांधे रडतात ते मेंदूत, मूत्रपिंडात, डोळ्यांच्या पडद्यात, आणि रडताना आवाज होत नाही. कोणताही व्यायाम करताना दाब आधी वाढतो. जोर लावताना श्वास कोंडला तर तो फारच वाढतो. मग व्यायामाने दाब कमी होतो असे आपण म्हणतो ते कशाच्या बळावर? व्यायाम संपल्यावर काय होते, आणि महिनोन्महिने केल्यावर काय होते, हे वेगवेगळे मोजल्याशिवाय याला उत्तर नाही. कुवलयानंदांनी या प्रश्नाच्या दारावर थाप मारली, तेव्हा त्याचे उत्तर कोणाहीजवळ नव्हते.

आणि लगेच पुढच्या वर्षी रुग्ण म्हणून पुढे आले ते साक्षात महात्मा गांधी.

मार्च १९२७ ची अखेर. गांधीजी खादीच्या दौऱ्यावर महाराष्ट्रातून कर्नाटकाकडे निघाले होते. कोल्हापुरात एका दिवसात सभांवर सभा झाल्या, आणि निपाणीला पोहोचेपर्यंत शरीराने दगा दिला. तपासले तर रक्तदाब धोक्याच्या पलीकडे. दौरा थांबला. आधी सावंतवाडी संस्थानातल्या आंबोलीला आणि मग म्हैसूर संस्थानातल्या नंदी टेकडीवर सक्तीची विश्रांती. त्या वर्षी गांधीजी आणि कुवलयानंद यांच्यात आसने आणि रक्तदाब यांवरून पत्रव्यवहार झाला. तो गांधीजींच्या संकलित वाङ्मयात आहे. मला त्या जोडीचे मोठे आकर्षण वाटते. दोघेही ब्रह्मचारी, दोघेही आपल्या शरीराला प्रयोगशाळा मानणारे, दोघेही हट्टी. फरक एवढाच की एकजण प्रयोग करता करता देश चालवत होता, आणि दुसऱ्याला हवी असलेली शांत खोली, ठरलेली वेळ आणि स्वस्थ मन या गोष्टी त्या रुग्णाजवळ कधीच असणार नव्हत्या.

गांधीजींचा रक्तदाब पुढेही त्यांना सोडून गेला नाही. २६ ऑक्टोबर १९३७ रोजी तो १९४/१३० होता. त्याच वर्षी डिसेंबरात विश्रांतीसाठी त्यांना आणले ते आपल्या जुहूला. समुद्राकाठी राहायचे, वाळूत चालायचे. त्या दिवसांतले एक छायाचित्र सगळ्यांनी पाहिलेले आहे. छोटा नातू कनू काठीचे एक टोक धरून पुढे पळतो आहे, दुसरे टोक हातात धरून आजोबा मागून ओढले जात आहेत. पाहणाऱ्याला वाटते, काय मजेत आहेत! ती मजा होतीच. पण ज्याचा दाब नुकताच दोनशेच्या घरात गेला होता अशा अडुसष्ट वर्षांच्या माणसाचे ते औषधही होते. मी अंधेरीला असताना कित्येकदा त्या किनाऱ्यावर भेळ खाल्ली. हे तेव्हा माहीत असते तर निदान अर्धा तास चाललो असतो.

हे चित्र मला गप्प करते ते वेगळ्या कारणाने. गांधीजी चालण्यात कमी पडत नव्हते. आयुष्यभर ते रोज मैलोन्मैल चालले. जाडी नाही, वजन सत्तेचाळीस किलोंच्या आत. तंबाखू नाही, दारू नाही, आहार मोजूनमापून. आमच्या कट्ट्याच्या हिशेबाने त्यांचा दाब १२०/८० असायला हवा होता. तो १९ फेब्रुवारी १९४० रोजी २२०/११० होता. म्हणजे सगळे नीट करूनही काहींच्या धमन्या ऐकत नाहीत, आणि त्यात त्या माणसाचा दोष नसतो. त्या काळी त्यांना द्यायला उपयोगी गोळीही नव्हती. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचा दाब वर्षानुवर्षे चढत गेला, डॉक्टर पाहत राहिले, आणि १२ एप्रिल १९४५ रोजी ते मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले. जगातल्या सगळ्यात बलाढ्य माणसाची ही कथा. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीचा रक्तदाबावरचा अनुभव ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला तो १९४९ साली, गांधीजी गेल्यानंतर. आपण बेसिनमध्ये जे सोडत होतो, ते त्या दोघांना मिळाले नव्हते, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

कुवलयानंदांच्या उरलेल्या आयुष्याची हकिकत मी थोडक्यात सांगतो. संस्थांच्या उद्घाटनांची यादी वाचायला कोणाला आवडते? पण एक उद्घाटन आपले आहे. कैवल्यधामाची मुंबई शाखा १९३२ साली निघाली ती सांताक्रूझला. सांताक्रूझ तेव्हा मुंबई महापालिकेच्या हद्दीतही नव्हते. पश्चिमेची उपनगरे शहरात येऊ लागली ती १९५० पासून, आणि आमचे मुलुंड तर १९५७ साली. १९३६ मध्ये ही शाखा चौपाटीजवळ, चर्नी रोड स्टेशनच्या समोर गेली आणि ईश्वरदास चुनीलाल योगिक आरोग्य केंद्र झाली. योग गुहेतून निघाला होता तो आता ऑफिस सुटल्यावर जाता येईल अशा ठिकाणी आला. शाळांमधून शेकडो मुलांनी एकाच वेळी करायच्या योगिक संघव्यायामाचा आराखडाही त्यांनी याच काळात तयार केला. आमच्या शाळेत शनिवारी सकाळी मैदानावर जी कवायत व्हायची तिच्यात दोन-तीन आसने होती. ती कोठून आली, हे कळायला मला साठी उलटावी लागली. येल विद्यापीठाचे कोवूर बेहानन हे मानसशास्त्राचे अभ्यासक त्यांच्याकडे येऊन शिकले आणि त्यावर त्यांनी १९३७ साली पुस्तक लिहिले. १९५१ मध्ये लोणावळ्याला योगाचे महाविद्यालय, १९६१ मध्ये योगोपचाराचे रुग्णालय. १८ एप्रिल १९६६ रोजी, ब्याऐंशीव्या वर्षी कुवलयानंद गेले.

खाते मात्र बंद झाले नाही. ते गेल्यावर तीन वर्षांनी, १९६९ साली, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयाचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते यांनी शवासन आणि रक्तदाब यांवरचा अभ्यास ‘अँजिऑलॉजी’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यांच्या सहकाऱ्यांत देशमुख, दळवी आणि कैवल्यधामाचे विनेकर होते. एकूण रुग्ण ४७. त्यांना श्वासाकडे लक्ष देत रोज अर्धा तास शवासन शिकवले. बिनऔषधाच्या गटात दाब उतरला. ज्यांचा दाब गोळ्यांनी ताब्यात होता, त्यांच्या गटात गोळ्यांची गरज सरासरीने मूळच्या एक-तृतीयांशावर आली. चार वर्षांनी लंडनमधल्या भारतीय वंशाच्या डॉक्टर चंद्रा पटेल यांनी याच वाटेने केलेले काम ‘लॅन्सेट’मध्ये आले. अभ्यास लहान होते, आजच्या कसोट्यांना ते पुरेसे नाहीत, हे मान्य. पण त्या एक-तृतीयांशाकडे नीट पाहा. गोळ्या कमी झाल्या, डॉक्टरांनी केल्या, आकडा पाहून केल्या. बेसिनमध्ये गेल्या नाहीत.

गंमत अशी की आखाड्यातून आलेल्या त्या मल्लाच्या परंपरेने रक्तदाबाला जे आसन दिले त्यात हातपायही हलवायचे नाहीत. मला पहिले पंधरा दिवस शवासन जमलेच नाही. छताकडे पाहत पडलो की थकीत कर्जदारांचे चेहरे दिसू लागत.

हलण्याचे महत्त्व दाखवले ते दुसऱ्या बाजूने, आणि तेही बसमध्ये. लंडनचे जेरी मॉरिस यांनी १९५३ साली तिथल्या डबलडेकर बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली. दिवसभर बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांना हृदयविकार जास्त, जिने चढणाऱ्या कंडक्टरांना कमी. लहानपणी अंधेरीच्या डबलडेकरमध्ये धावत्या बसचा जिना चढणारे आमचे कंडक्टर आठवतात. चामडी पिशवी, तिकिटांचा ट्रे, आणि पंचचा टकटक आवाज. जुन्या डबलडेकर २०२३ साली निघून गेल्या.

आज काय माहीत आहे, तेही सांगायला हवे. भरभर चालणे, सायकल, पोहणे असा व्यायाम आठवड्यातून दीडशे मिनिटे, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास केला, तर वरचा आकडा साधारण पाच ते आठ अंकांनी उतरतो. चालून आल्यावर काही तास दाब खाली राहतो, कारण धमन्यांचे अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडते आणि धमन्या सैलावतात; मज्जासंस्थेचा ताणही निवळतो. व्यायाम सोडला की थोड्या आठवड्यांत हे सारे धुऊन जाते. २०२३ मध्ये २७० चाचण्या एकत्र तपासणारा एक मोठा अभ्यास ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्‌स मेडिसिनमध्ये आला. त्यात सगळ्यांत जास्त उतार, सरासरी आठ अंकांचा, दिसला तो शरीर एका स्थितीत धरून ठेवण्याच्या व्यायामांत. भिंतीला पाठ टेकून खुर्ची नसताना खुर्चीत बसल्यासारखे राहायचे, ही त्यातली एक तऱ्हा. एका स्थितीत स्थिर राहणे! लोणावळ्याच्या त्या संपादकांनी ही बातमी वाचून आधी तक्ते मागवले असते, याबद्दल मला शंका नाही. मात्र हे करताना श्वास रोखायचा नाही. ज्यांचा दाब आटोक्यात नाही त्यांनी शीर्षासनासारख्या उलट्या आसनांच्या आणि कुंभकाच्या वाटेला जायचे नाही. छातीत दुखत असेल, धाप लागत असेल तर आधी डॉक्टर.

पाच ते आठ. माझा दाब होता १७०. वजाबाकी कोणालाही येते. माझी गोळी आणि माझे चालणे यांनी मिळून १३२ गाठले होते, आणि मी सगळे श्रेय एकाच खात्यात जमा केले. शिकाऊ कारकुनानेही अशी नोंद केली नसती.

सध्या मी सदुसष्ट वर्षांचा आहे. गोळी चालू आहे. गेल्या वर्षी डॉक्टरांनी तिची मात्रा निम्मी केली, माझ्या वहीतले चार महिन्यांचे आकडे पाहून. मी कट्ट्यावर अजून जातो. तिथल्या एका मित्राने मागच्या महिन्यात गोळी सोडल्याचे अभिमानाने जाहीर केले. मी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी पिशवीतून यंत्र घेऊन गेलो आणि बाकावर बसवून त्याच्या दंडाला पट्टा बांधला. आकडा पाहून तो बराच वेळ बोलला नाही. मग आम्ही दोघे चालत त्याच्या घरी गेलो. वहिनींनी चहा टाकला, आणि त्याने कपाटातले पाकीट शोधून काढले.

माझी वही म्हणजे एक जुने लेजर आहे. तारीख, वेळ, वरचा आकडा, खालचा आकडा, चाललेली मिनिटे आणि शेरा. आज सकाळी सहा चाळीसला १३६/८२. चालणे शून्य, कारण पाऊस. शेऱ्याच्या रकान्यात लिहिले आहे: काल ठाण्याला लग्न, दोन वेळा लोणचे.